मेलेल्या माणसाला दिलेला शब्द

माझा धाकटा भाऊ आर्वो केतोला हरणं फाडायचा. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम उघडला की आमच्या या मोठ्या सरोवराकाठच्या सगळ्या गावांतले शिकारी आपापलं हरीण त्याच्या शेडपाशी आणून टाकत. तो ते सोलून, तुकडे करून, कागदात बांधून परत देई. बाकीचं वर्ष तो लाकूड तोडायचा, लोकांच्या अंगणातला बर्फ उपसायचा आणि अधूनमधून मारामाऱ्या करायचा. लाकडाच्या मापात चोरी करणाऱ्या एका मुकादमाचा जबडा त्याने भर बारमध्ये मोडला होता. मग स्वतःच त्याला ट्रकात घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत रक्ताने सीट खराब केली म्हणून वर त्यालाच शिव्या घातल्या.

बोलणं कमी, आणि जे बोलला ते काळ्या दगडावरची रेघ. आमचा शेजारी वायनो मरताना त्याला म्हणाला होता, माझ्या अंगणातला बर्फ काढत जा. आर्वो 'हो' म्हणाला. वायनोची बायको दोन हिवाळ्यांनी घर विकून मुलीकडे गेली. ते घर शिकागोच्या एका दाताच्या डॉक्टरने घेतलं, आणि तो फक्त जुलैत येतो. तरी आर्वो दर हिवाळ्यात त्या रिकाम्या घराचं अंगण साफ करत राहिला. मी म्हटलं, अरे कुणासाठी? म्हणाला, वायनोला हो म्हटलंय. अशा माणसापुढे डोकं आपटायचं तर आपलंच फुटतं, म्हणून मी तो नाद सोडला होता.

पक्षाचा तालुका अध्यक्ष तो झाला, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. बैठका माझ्या दुकानात व्हायच्या. मी पेस्टी विकते, मांस-बटाटा भरलेली, आणि पक्षाची माणसं बैठकीपेक्षा तिच्यासाठीच यायची. त्या वर्षी पक्षाच्या राज्य अधिवेशनात आर्वोला निर्वाचक केलं. आपण नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निवडतो असं सगळे म्हणतात, पण खरी मतं डिसेंबरात प्रत्येक राज्याच्या राजधानीत हे निर्वाचक देतात. नुसता मान आहे तो, काम काहीच नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. कागदावर छापलेल्या नावाखाली सही करायची, फोटो काढायचा, जेवून घरी यायचं.

ऑक्टोबरात आमचा उमेदवार गव्हर्नर लोमॅक्स स्वतः माझ्या दुकानात आला. त्याने पेस्टी केचप लावून खाल्ली, आमच्याकडे पाप मानतात तो रस्सा वरून ओतायला नकार दिला, आणि तेवढ्यावर अर्धं गाव जिंकलं. निघताना आर्वोचा हात हातात घेऊन त्याने विचारलं, डिसेंबरात माझं नाव लिहाल ना? आर्वो म्हणाला, लिहीन. झालं एवढंच. लोमॅक्स बिचारा तसं शंभर जणांना विचारत असेल आणि दाराबाहेर पडताच विसरतही असेल.

लोमॅक्स जिंकला, पण अगदी काठावर. आमचं राज्य तर केसाइतक्या फरकाने मिळालं. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, दक्षिणेतल्या एका शहरात नाताळच्या झाडाचे दिवे लावताना कुणीतरी त्याच्या गळ्यात गोळी घातली. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. हातात बटण, तोंडावर हसू, आणि पांढऱ्या मफलरवर भसाभसा रक्त. मारेकऱ्याला पोलिसांनी तिथेच उडवला, त्यामुळे का मारलं हेही कळलं नाही. माझा मुलगा रेयनो त्या वेळी दुकानात होता. त्याने काचेच्या कपाटावर अशी मूठ मारली की पेस्ट्यांवर काचा आणि त्याचं रक्त दोन्ही पडलं.

मग कळलं की आपल्या राज्यघटनेत एक भोक आहे. बसलेला राष्ट्राध्यक्ष मेला तर काय करायचं ते लिहिलंय. निर्वाचकांनी मत दिल्यावर, पण शपथेआधी तो मेला तर काय, हेही लिहिलंय. पण निर्वाचकांनी मत देण्याआधीच जिंकलेला माणूस मेला तर? त्यावर घटना मुकी. फार पूर्वी एकदा मेलेल्या उमेदवाराला पडलेली मतं काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, मोजलीच नव्हती. आता तसं झालं आणि एक मत जरी कमी पडलं, तर बहुमत कुणाचंच उरणार नव्हतं. निवड प्रतिनिधिगृहाकडे जाणार होती आणि तिथे विरोधकांचं राज्य.

आमच्याकडे हिवाळ्यात सरोवर गोठतं तेव्हा काठाचा बर्फ आणि मधला बर्फ यांच्यामध्ये एक भेग राहते. तिच्यावर पातळ साय धरते आणि वरून सगळं सारखंच दिसतं. माझा नवरा तिथेच गेला, मासे धरायला जाताना, बर्फावरच्या गाडीसकट. आर्वो पोटावर सरपटत गेला आणि त्याला हुकाने वर ओढून काढलं. रेयनो तेव्हा लहान होता. पुढे मामानेच त्याला वाढवलं, बंदूक धरायला शिकवलं, हरीण फाडायला शिकवलं. देशाच्या कायद्यातही तशीच भेग निघाली, आणि तिच्यावर नेमका माझा भाऊ उभा होता.

पक्षाने ठरवलं की लोमॅक्सबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या ऑड्री प्रेंटिस बाईंचं नाव सगळ्यांनी लिहायचं. राज्याचे अधिकारी म्हणाले, चालवून घेऊ, पुढचं कोर्ट बघेल. सगळे निर्वाचक तयार झाले, एक आर्वो सोडून. त्याचं म्हणणं सरळ होतं: कागदावर छापलंय लोमॅक्स, राज्याचा कायदा म्हणतो छापलेलं नाव लिहा, आणि मी त्या माणसाला हो म्हटलंय. पक्षाचा एक वकील राजधानीहून बर्फातून गाडी हाकत आला, तासभर शेडमध्ये त्याच्याशी बोलला आणि बुटाला हरणाची चरबी लावून परत गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

विरोधकांना तर उकळ्या फुटल्या. त्यांच्या चॅनेलवर आर्वोचा फोटो झळकला, कायद्याला मानणारा शेवटचा माणूस म्हणून. कुणी त्याला फळांची टोपली पाठवली. त्याने ती डुकरांना घातली आणि मुलाखतीला आलेल्या पोरावर आतड्यांची बादली उपडी केली. पण ते गावाने पाहिलं नाही. गावाने फक्त टीव्ही पाहिला.

आधी त्याच्या खिडकीतून दगड आला. मग कुणीतरी त्याच्या शेडवर गोळ्या झाडल्या. आत टांगलेल्या हरणांच्या धडांतून त्या आरपार गेल्या, आणि गिऱ्हाइकांना मांसात शिसं सापडायला लागलं. ज्यांनी त्याच्या हातचं आयुष्यभर खाल्लं ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. पंपावर एकाने त्याच्या तोंडावर थुंकून म्हटलं, खुन्याचा हस्तक. आर्वोने त्याचं डोकं गाडीच्या टपावर आपटलं आणि शांतपणे पेट्रोल भरलं.

रेयनो मामाशी बोलेनासा झाला. गिरणी बंद पडल्यापासून त्याला या निवडणुकीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. दारोदार फिरला होता, घसा बसेपर्यंत ओरडला होता. मी त्याला म्हणायचे, मामा आहे तुझा तो. तो म्हणायचा, म्हणूनच जास्त लागतं.

आमच्या चौकात दोन खांबांवर एक लांब आडवी बल्ली आहे. हंगामात ज्याचं हरीण मोठं तो ते तिथे टांगतो, लोक येऊन शिंगं बघतात, बिअर पितात. हंगाम संपला की ती रिकामी असते. त्या शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडायला आले तर बल्लीवर मुस्ती लटकत होता. आर्वोचा काळा कुत्रा, अकरा वर्षांचा, जेमतेम चालणारा. मागच्या पायांनी उलटा, पोट वरपासून खालपर्यंत फाडलेलं, आतून साफ केलेलं. गळ्यात पुठ्ठा होता: मेलेल्याला मत.

आर्वो आला. ओरडला नाही. पुठ्ठा काढला, मग मागच्या पायांच्या गाठीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. ती गाठ मीही ओळखली. आमच्या वडिलांची गाठ, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. ती येणारी माणसं गावात आता दोनच होती, आणि त्यातला एक माझ्याशेजारी उभा होता. त्याने दोर कापला, कुत्रा कोटात गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्या शनिवार. सौना तापव."

तिथून तो बारमध्ये गेला. रेयनोचा एक दोस्त तिथे सकाळीच पीत बसला होता आणि त्याने भुंकून दाखवलं. आर्वोने त्याचे केस धरून त्याचं तोंड लाकडी काउंटरवर आपटलं, पुन्हा आपटलं, तिघांनी ओढून काढेपर्यंत आपटत राहिला. नंतर बारवाल्याने काउंटरच्या कडेत रुतलेला दात पकडीने उपटून काढला.

शनिवारची सौना आमच्याकडे चुकत नाही. माझ्या परसात आजोबांनी ओंडक्यांची बांधलेली वाफेची न्हाणी आहे ती. कितीही वैर असलं तरी शनिवारी घरच्या सगळ्यांनी यायचं. आत भांडायचं नाही, हात उगारायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही. चर्चमध्ये आमची माणसं खोटं बोलतात, सौनात नाही. म्हणून रेयनोही आला. मी बाहेरच्या खोलीत कॉफी मांडत होते, मधली फळी पातळ आहे.

तापलेल्या दगडांवर पाणी पडलं. मग आर्वोचा आवाज आला.

"मुस्तीला कुणी मारलं?"

"मी. आधी गोळी घातली, मामा. त्याला कळलं नाही."

"आणि फाडलं?"

"मीच. तू शिकवलंस तसं."

पुन्हा पाणी पडलं. मग रेयनो बोलायला लागला, आणि रडत होता हे मला कळत होतं. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही मामा, काळ सोकावतो. उद्या कुणीही उठेल, मत पडायच्या आधी जिंकलेल्याला गोळी घालेल आणि अख्खी निवडणूक उलटवेल. आणि तू त्याच्या हातात हात देतोयस."

"मी लोमॅक्सला हो म्हटलंय."

"तो मेलाय!"

"वायनोही मेलाय. त्याचं अंगण कोण साफ करतं?"

दोघं माझ्यासमोरून बाहेर गेले, उघडे, अंगातून वाफा निघत असलेले. आम्ही सौनातून उठून बर्फात लोळतो, तसेच जातायत असं मला वाटलं. पण उंबरा ओलांडल्यावर रेयनोने सरपणातला एक ओंडका उचलला. आर्वो बर्फाने तोंड चोळायला खाली वाकला होता, उजवा हात दगडावर टेकलेला. ओंडका त्याच हातावर आला. बोटं मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला.

"आता लिही," रेयनो म्हणाला.

आर्वोने डोक्याने त्याचं नाक फोडलं. मग दोघं बर्फात लोळले, लाल झालेल्या अंगांचे, गुरांसारखे फुरफुरत. आर्वो साठीचा, रेयनो तिशीचा, पण आर्वोने आयुष्यभर ओंडके उचलले होते. शेवटी तो रेयनोच्या गळ्यावर गुडघा ठेवून बसला आणि माझ्या पोराचे डोळे बाहेर यायला लागले. मी गार पाण्याची बादली दोघांवर ओतली, आणि तरी तो उठला नाही तेव्हा रिकामी बादली भावाच्या कानशिलात घातली. तेव्हा उठला.

तो ओंडक्यावर बसला, मोडलेला हात मांडीवर ठेवला आणि हसायला लागला. म्हणाला, "गंमत बघ ताई. मी मेलो तर उरलेले निर्वाचक तिथल्या तिथे माझ्या जागी दुसरा बसवतात. लिहिलंय तसं. माझ्या मरणाची कायद्यात सोय आहे, आणि त्या लोमॅक्सच्या मरणाची नाही." रेयनो बर्फात उताणा पडून नाकातलं रक्त गिळत हे ऐकत होता.

मतदानाच्या दिवशी ट्रक मी चालवला. हाताला पट्टी असल्यामुळे त्याला स्टिअरिंग धरता येत नव्हतं. त्याने लग्नातला कोट घातला होता, तो पोटावर मिटत नव्हता. उजाडल्यावर निघालो. दलदलीतल्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना देवदार. पुढे मोठा पूल, पुलापलीकडे खालचा मुलूख आणि राजधानी. मी त्याला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने आपणहून सांगितलं.

"पोरगा म्हणाला ते खरं आहे ताई. खुनी जिंकता कामा नये. पण दुसरं नाव माझ्या हाताने लिहिलं जाणार नाही. तेव्हा तिथे जाऊन उभा राहणार, म्हणणार, मी जागा सोडतो, तुम्ही दुसरा बसवा. शब्दही मोडला नाही आणि मतही वाया गेलं नाही."

मी ट्रक जवळजवळ खड्ड्यात घातला. म्हटलं, मेल्या, हे घरी सुचलं नाही? आणि रेयनोला सांगितलंस का? नाही म्हणाला. "मुस्तीसाठी त्याला दुपारपर्यंत तडफडू दे. रात्री सांगेन." आणि मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आलं, खरंच सांगते, मी स्टिअरिंगवर हात आपटून हसले.

वळणापलीकडे रस्त्यावर आडवी गाडी होती. दात पडलेला दोस्त आणि आणखी एक जण मागे उभे होते, आणि पुढे रेयनो, नाकावर पट्टी, हातात हरणाची बंदूक. मी ब्रेक दाबले. आर्वो डाव्या हाताने दार उघडून खाली उतरला.

रेयनो म्हणाला, "तिचं नाव घे मामा. इथे एकदा म्हण, ऑड्री प्रेंटिस. मग जा."

आर्वो म्हणाला, "गाडी बाजूला घे."

मी खिडकीतून ओरडले. म्हटलं, रेयनो, तो जागा सोडतोय, मत देतच नाहीये, आत्ताच मला म्हणाला. रेयनोने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं पकडताना बघायचा तसं.

"आई, तू त्याला वाचवायला बोलतेयस." मग मामाकडे वळला. "तू खोटं बोलत नाहीस. तू सांग. खरं आहे का?"

एक 'हो' पुरला असता. सगळ्या आयुष्यात त्याने ऐऱ्यागैऱ्याला, मेलेल्याला, मत मागायला आलेल्या पाहुण्याला हो म्हटलं होतं. पण बंदुकीसमोर नाही. तसा तो घडलेलाच नव्हता.

"बंदूक खाली ठेव," तो म्हणाला, "मग विचार."

"आधी सांग."

आर्वो चालायला लागला. घाई नाही, बर्फ उपसायला निघाल्यासारखा. रेयनो मागे सरकत गेला, पाठ गाडीला टेकली. आर्वोने डाव्या हाताने नळी धरली आणि बाजूला ढकलायला गेला. उजवा हात धड असता तर त्याने बंदूक हिसकावली असती, तेवढी ताकद त्याच्यात होती. आवाज झाला. कोटाच्या पाठीतून कापूस आणि रक्त उडालेलं मी पाहिलं.

मी पोहोचले तेव्हा तो गुडघ्यांवर होता आणि रेयनोने त्याला काखेत धरलं होतं. त्याच्या छातीतून इतकं रक्त येत होतं की रेयनोचे हात त्यात घसरत होते. दोस्त पळून गेले. मी माझ्या पोराला लाथा घातल्या, जिथे लागेल तिथे. आणि तो मार खात मामाला धरून बसून राहिला. आर्वो काही बोलला नाही. बोलण्यासारखं त्याच्याकडे उरलंच नव्हतं, किंवा असेल तर ते रात्रीसाठी ठेवलेलं होतं.

संध्याकाळी राजधानीतून एका साहेबांचा फोन आला. फार दुःख झालं म्हणाले. मग म्हणाले, मतदान मात्र सुरळीत झालं, रिकाम्या जागी सभागृहातल्याच एका बाईंना लगेच बसवलं, त्याबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रेंटिस बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या भोकाबद्दल पुढे काहीही झालं नाही. वरून पुन्हा साय धरली.

आमच्यात जुनी माणसं मेलेल्याला सौनात न्हाऊ घालायची. आता ते कुणी करत नाही, पण मी केलं. दवाखान्यातून त्याला आणला, सौना कोमट तापवली आणि बाकावर निजवून धुतला. मोडलेल्या बोटांची पट्टी सोडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे ओठ घट्ट मिटलेले होते. मी एकटीच होते, म्हणून मोठ्याने रडले. मग त्याला शिव्या दिल्या, एका हो-साठी मेलास म्हणून. मग पुन्हा धुतला. त्या हिवाळ्यात त्या दात-डॉक्टरचं अंगण मी उपसलं, पाठ मोडेपर्यंत.

रेयनोला जन्मठेप झाली. आमच्या राज्यात जन्मठेप म्हणजे जन्मभर, सूट नाही. मी महिन्यातून एकदा जाते. काचेपलीकडे बसून तो माझ्या गुडघ्याबद्दल विचारतो, दुकानाबद्दल विचारतो आणि निघायच्या आधी दर वेळी एकच विचारतो.

"आई, त्या दिवशी तू म्हणालीस ते खरं होतं का?"

हो म्हटलं तर तो त्या कोठडीत एक दिवस जगायचा नाही. नाही म्हटलं तर माझा भाऊ कायमचा खुन्याचा हस्तक ठरतो, आणि तेही माझ्या तोंडाने. म्हणून मी दर वेळी सांगते की घरी ये, शनिवारी सौनात बस, मग विचार.

तो मान हलवतो. मी रिसीव्हर ठेवते. आणि शनिवारी सौना तापवते.